मंचावरची मॅट

रणजी संघ निवडणारे साहेब नागपूरहून रहेमानची फिरकी पाहायला आर्णीला आले होते. रहेमानला बत्तिसावं लागलं होतं. यंदा नाही तर कधीच नाही. पण खेळपट्टीवर अंथरायची क्लबची एकुलती एक काथ्याची मॅट मातीच्या मंचावर, साहेबांच्या खुर्चीखाली होती. "उत्तमसिंगभाऊ, मॅट तिथं काहून टाकली? मी बॉल कायच्यावर टाकू?" त्यानं चिटणीसांना विचारलं. "साहेबाचे पाय मातीत ठेवतं का बे? सत्कार झाला की काढू." हार झाले, नारळ झाला. मग रहेमानचा चेंडू कसा वळतो ते अध्यक्षांनी तासभर हातवारे करून सांगितलं. रहेमान चेंडू मुठीत आवळून मंचापुढे ताटकळला. नागपूरची शेवटची मोटार चारला सुटणार म्हणून साहेब उठले. "तुमच्या गोलंदाजीबद्दल खूप ऐकलं," त्याचा हात हातात घेऊन ते म्हणाले. रहेमान म्हणाला, "साहेब, तुम्ही आयकाले आल्ते का पाहाले?"