कुरणाचे विश्वस्त

"वारसनं कलम नको लिखू व माय. मारनारा पोरंबी मोजतस," असं माझ्या सासूबाई, धुरपदाबाई, म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. घरात कॉलेज शिकलेली मीच, म्हणून १९५२ साली सासऱ्यांच्या चाळीस एकर कुरणाचा ट्रस्ट मीच लिहून काढला. कुरण नांगरायचं नाही, गावच्या गुरांसाठी राखायचं. विश्वस्त वारला तर त्याचा मुलगा विश्वस्त, आणि वंशच उरला नाही तर कुरण भाऊबंदांचं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि भाऊबंद कपाशीसाठी नांगर घेऊन कुरणात शिरले. सासरे आडवे पडले, तर त्यांच्या अंगावरून बैल हाकले; ते तिथेच गेले. पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याला, अभिमनला, बांधावरच कुऱ्हाडीनं तोडलं. गावानं पाहिलं, पण साक्षीला कुणी आलं नाही. त्याच दुपारी चुलतसासरे आमच्या अंगणात आले, आमच्याच रांजणातल्या पाण्यानं कुऱ्हाड धुतली आणि पाळण्याकडे बघून हसले. "आते हाऊ शे का मालक?"

ते गेल्यावर सासूबाईंनी बाळाला माझ्या कडेवर दिलं. "तू पोऱ्याले लिसन पय. कुरणमा मी बठसू." त्याच रात्री मी बाळाला घेऊन गाव सोडलं.

आम्ही कुठे आहोत ते लिहीत नाही. सव्वा वर्षाचे विश्वस्त माझा पदर धरून उभं राहायला शिकताहेत. पांझरा नदीकाठच्या आमच्या गावच्या वाटेनं तुम्ही कधी गेलात, तर कुरणाच्या कडेला थांबून धुरपदाबाईंना एक हाक मारा. आतून ओ येते का, तेवढं बघा.