निळा ठिपका

चहात खारी बुडवत जयवंत मोबाईलवरचा निळा ठिपका बघत होता. ठिपका म्हणजे त्याची बायको, हेमांगी. लग्नात फुलका होती, आता कणकेचा गोळा झालीये, असं तो चारचौघांत म्हणायचा. म्हणूनच मनगटाला ती कुठे आहे हे मोबाईलवर दाखवणारं घड्याळ बांधून तिला रोज सकाळी मैदानावर पिटाळायचा आणि ठिपका जरा रेंगाळला की फोन करून झापायचा.

आज मात्र ठिपका रेंगाळतच नव्हता. खूश होऊन त्यानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "आज काय पळालीये हेमांगी."

बराच वेळ झाला तरी ती परतेना, फोनही उचलेना. चिडून तो मैदानावर गेला. पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या एका मुलीच्या मनगटावर तिचं घड्याळ होतं.

"ताई मघाशीच बॅग घेऊन रिक्षात बसल्या," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणाल्या, हे घाल आणि थांबू नकोस. आता तुझ्याकडेच ठेव."

एवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. ग्रुपवर धाकट्या भावानं विचारलं होतं, "पळाली? कोणाबरोबर?"

त्याखाली सगळं घर हसत होतं.