रुचिताची रेघ

बाळकुमच्या आमच्या शाळेत दर जूनमध्ये मुलांची उंची वर्गाच्या भिंतीवरच पेन्सिलीने आखायची पद्धत. त्यातली एक रेघ रुचिताची. गेल्या वर्षी दिवाळीआधी ती डेंग्यूने गेली. त्यानंतर तिचे वडील गुणाजी प्रत्येक पालकसभेला येऊन त्या रेघेवर, लेकीच्या डोक्यावर ठेवावा तसा, तळहात ठेवायचे आणि निघून जायचे. यंदा कायदा आला: वर्गावर्गात मुलांच्या नजरेसमोर पवित्र वचनांचा फलक हवा. मोकळी भिंत तीच. फलक नेमका रेघांवर बसला. “सर, जरा सरकवता येईल का?” गुणाजींनी मुख्याध्यापकांना विचारलं. “छे हो, गुन्हा आहे तो! आणि चपला बाहेर काढा.” त्यांनी काढल्या, अंदाजाने फलकावर तळहात टेकवून डोळे मिटले. “बघा मॅडम, श्रद्धा कशी वाढते!” मला म्हणत मुख्याध्यापकांनी फोटो काढला. फलक लावण्याआधी भिंत रंगवून घेतली होती, हे मी गुणाजींना सांगितलं नाही.