तेवीस मिनिटं

वॉर्डातल्या मोठ्या स्क्रीनवर बाराही रुग्णांचे आकडे ठीक दिसत होते. शलाका निवांत चहा पीत होती. हा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. तेवढ्यात तिची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या वेळेवर गेली. तिथे अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

ती स्क्रीनजवळ गेली; तिथली वेळ पुढे सरकतच नव्हती, आणि का ते तिच्या लक्षात आलं. रुग्णाचं पान उघडलं की ब्राउझर प्रोग्रॅमचा एक तुकडा मागवायचा, आणि पान बंद केलं की तो मेमरीतून जायला हवा होता. तो जात नव्हता. स्क्रीन लावल्यापासूनच्या चार दिवसांत असे हजारो तुकडे साचून ब्राउझर गुदमरला होता. समोरचे आकडे तेवीस मिनिटांपूर्वीचे होते, आणि ही स्क्रीन आली म्हणून खाटांजवळच्या यंत्रांचे धोक्याचे आवाज बंद केलेले होते.

"सिस्टर, स्क्रीन खोटं सांगतेय. एकेका खाटेपाशी जाऊन बघा," ती म्हणाली.

फिलोमिना सिस्टर धावल्या, पाठोपाठ शलाका. नवव्या खाटेवरच्या आजोबांची ऑक्सिजनची नळी निसटली होती आणि ओठ निळे पडले होते. सिस्टरांनी नळी बसवली, डॉक्टरांना हाक मारली. शलाका खाटेचा दांडा घट्ट धरून उभी राहिली. स्क्रीनवर आजोबांचा ऑक्सिजन अजूनही सत्त्याण्णवच होता.

बऱ्याच वेळाने आजोबांनी डोळे उघडले. "तू कोण गं?" त्यांनी विचारलं.

शलाकाने हात लांबवून खाटेजवळच्या यंत्राचा आवाज पुन्हा चालू केला.