पांढरं लाकूड

पटाशीला बसवलेली सुई लाकूड वाचत होती. लेथवर करंडा आतून जसजसा पोखरला जाई, तसतसा मालनच्या अंगणातला, लेकीच्या जन्मी लावलेला आणि ती गेल्यावर तोडलेला सागवान एकेका वलयातून त्या त्या वर्षीचे आवाज ऐकवी. मालन कान लावून बसली होती. नवव्या वर्षी गेलेल्या लेकीचं रडणं झालं, बडबड झाली, पाढे झाले.

"थांबू नका, काका. आजारपणात तिची खाट याच झाडाखाली असायची अन् मी कामावर. एकटी काय बोलायची, तेवढंच ऐकायचंय."

पुंडलिक कातारी भिंत पातळ करत गेले. सातवं वर्ष, आठवं. मग पटाशी आरपार गेली आणि करंडा फुटला.

"अन् नववं?" मालनने विचारलं.

काकांनी पटाशी खाली ठेवली. शेवटचं वर्ष सालीलगत असतं. पण चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी मघाशी आधी ओंडका बाहेरून गोल करून घेतला होता. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो, ते कोण ठेवतं! सुई तेव्हा बसवलीच नव्हती.

त्यांची नजर चुलीकडे गेली. त्या पांढऱ्या ढलप्यांची राख झाली होती, आणि त्यांच्यावर उकळलेला चहा मालनच्या कपात अजून अर्धा होता.