उशामागची भिंत

"पाणी आलं!" एदेल्मिरा पलंगावरून ओरडली.

कुणीही बादली उचलली नाही. हवानाच्या त्या भागात पाणी चार दिवसांतून एकदा यायचं, तेही लहर येईल तेव्हा. एदेल्मिराच्या उशामागच्या भिंतीतून एक जुना लोखंडी पाइप गेलेला. त्याच पाइपातून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायचं आणि त्यातूनच घराघरात उतरायचं. पाण्याची चाहूल सगळ्यात आधी तिला लागायची. चाळीस वर्षं तिच्या हाकेवर सगळी इमारत धावली होती. पण गेले दोन महिने ती भलत्याच दिवशी ओरडत होती. दोन-तीनदा बादल्या घेऊन धावल्यावर नवं पाणी आलेलंच नाही असं दिसलं, तेव्हा लोकांनी धावणं सोडून दिलं.

"लक्ष देऊ नका," तिची मुलगी झोराइदा प्लंबरला म्हणाली. "पाणी कालच येऊन गेलं. आईचं हल्ली असंच चाललंय."

दाराशी एक पिशवी भरून ठेवली होती. दोन गाऊन, पावडरचा डबा, रबरी चपला. तीन वाजता आईला न्यायला वृद्धाश्रमाची गाडी येणार होती, हे झोराइदानं त्याला आल्या आल्याच सांगितलं होतं. आत्ता दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

एवारिस्तो स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलायला आला होता. त्यानं वायसर काही बदलला नाही. ग्लासभर पाणी घेतलं आणि खिडकीशी धरलं. पाणी तांबूस होतं, तळाला गंजाचा चुरा बसत होता.

"हे कधीपासून?"

"झाले की दोनेक महिने."

"टाकी पुरते चार दिवस?"

"कुठली पुरतेय! दीड दिवसात खडखडाट. वरची मिग्दालिया म्हणते, ही झोराइदा सारखी चादरी धूत बसते. मी म्हणते तीच चोरून कुंड्यांना घालते."

"आणि मावशी कुठल्या दिवशी ओरडतात?"

"तुम्ही नळ बघायला आलात की आईला?" झोराइदा फणकारली. पण गेली आणि कॅलेंडर घेऊन आली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, वाईट दिवसांवर खूण करत जा म्हणून. वाईट दिवसांवर लाल फुल्या होत्या. पाणी येईल त्या तारखेला निळा गोल, ती सवय लग्नाच्या आधीपासूनची.

एवारिस्तोचं काळं बोट तारखांवरून फिरलं. गोल, फुली. पुढे दोन दिवस काही नाही. पुन्हा गोल, फुली. दोन महिने, एकदाही न चुकता. "पाइप भिंतीत गळतोय, आणि टाकी रिकामी होईतो तेच मावशींना ऐकू येत असणार," तो म्हणाला.

झोराइदानं त्या खुणा पाहिल्या. दोन महिने रोज पाहत होती, पण पाहिलं आज. तिला ते खरं ठरायला नको होतं. गाडी ठरली होती, सही झाली होती, रडूनही झालं होतं. आपल्याला नको वाटतंय याची तिला लाज वाटली.

"योगायोग असेल," ती म्हणाली. "भिंत तर कोरडी आहे."

"तैलरंग मारलाय तुम्ही. आत कुजून भुसा झाला तरी बाहेरून नवरी दिसणार." त्यानं जिन्यात जाऊन सगळ्यांना नळ बंद करायला सांगितलं.

"आता स्वतःच्या घरात पाणी वापरायचीही चोरी झाली का!" वरून मिग्दालिया ओरडली. तरी नळ बंद करून, तमाशा बघायला खाली आली.

एवारिस्तोनं भिंतीला कान लावला. बराच वेळ लावून उभा राहिला.

"मला काही ऐकू येत नाही. लोखंड ठोकून ठोकून माझे कान गेलेत. मावशी, तुम्हाला?"

"वाहतंय," एदेल्मिरा म्हणाली.

मिग्दालियानं झोराइदाकडे बघून भुवया उडवल्या.

एवारिस्तो झोराइदाला बाहेर घेऊन गेला, हलक्या आवाजात म्हणाला, "मी गच्चीवर जाऊन टाकीखालचा कॉक बंद करतो. केव्हा ते सांगणार नाही. त्यांनाही सांगू नकोस. खरंच गळत असेल तर त्यांना थांबलेलं कळेल. नाही कळलं तर येऊ दे तुझी गाडी."

झोराइदा पलंगाच्या कडेला बसली. घड्याळात तीनला दहा मिनिटं कमी होती. एदेल्मिरानं हाताचा तळवा भिंतीवर टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. जिन्यावरची पावलं वर गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

"वाहतंय अजून," एदेल्मिरा म्हणाली.

मिग्दालिया दारात हाताची घडी घालून उभी. तीनला सात मिनिटं. तीनला पाच. झोराइदाला वाटलं, आई आता काहीच बोलू नये. मग वाटलं, बोल गं आई, काहीतरी बोल.

एदेल्मिरानं मान किंचित वळवली.

"गेलं."

मिग्दालिया हसायच्या बेतात होती. तिचं हसू पुरतं ओठांवर यायच्या आतच गच्चीवरून एवारिस्तोची आरोळी खाली आली, "केला बंद!"

मिग्दालियानं छातीवर क्रूस काढला आणि आल्या पावली वर निघून गेली.

एवारिस्तो धापा टाकत खाली आला. "ठिगळ लावून भागायचं नाही. खालपासून वरपर्यंत भिंत फोडायची आणि सबंध पाइप नवा घालायचा. आधी यांचा पलंग हलव तिथून."

झोराइदानं मान डोलावली. तिनं पिशवी उघडली आणि आईच्या चपला बाहेर काढल्या. त्या कुठे ठेवाव्यात हे न कळून ती हातात धरूनच उभी राहिली.

रस्त्यावर हॉर्न वाजला. मग पुन्हा एकदा, जरा लांबवून.

एदेल्मिरानं भिंतीवरचा हात काढला.

"झोराइदा," ती म्हणाली, "हॉर्न वाजतोय. का तोही मला एकटीलाच ऐकू येतोय?"