कूलरच्या खोक्याचा कॉम्प्युटर

देवपूरच्या आमच्या शाळेत ब्याण्णव साली सरकारी कॉम्प्युटर आला आणि बिघडू नये म्हणून लगेच कुलपात गेला. आम्हा नववीवाल्यांना प्रकल्प मिळाला: पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर करा. मेहरुननं कूलरचं खोकं आणलं, त्याला फट पाडली आणि स्वतः आत बसली. गणिताची चिठ्ठी आत टाकली की उत्तराची चिठ्ठी बाहेर यायची.

प्रकल्पाला गुण द्यायला आणि सरकारी कॉम्प्युटर बघायला तपासणीचे साहेब आले, त्या दिवशी मुख्याध्यापक खोक्याशी वाकून म्हणाले, "पोरी, खऱ्याला हात लावायची माझी हिंमत नाही. हाच खरा म्हणून दाखवतो. साहेब जाईपर्यंत बोलायचं नाही, बाहेर यायचं नाही. नाहीतर नापास."

साहेबांनी सतरा गुणिले एकोणीस टाकलं. तीनशे तेवीस बाहेर आलं.

"लाइट नसतानाही चालतो!" साहेब खूश झाले आणि हजेरी घ्यायला बसले. "मेहरुन कय्युम शेख?"

आम्ही मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. फटीतून चिठ्ठी आली: 'हजर, सर.'

साहेबांनी ती नीट वाचली. "मशीननं दिलेली हजेरी आम्ही धरत नाही," ते म्हणाले.

निकाल लागला. कॉम्प्युटरला दहापैकी दहा. मेहरुन गैरहजर.